साठांपैकी नऊ पास

मॉडरेटरांच्या बायकोचा आवाज एका मंगळवारी बसला, आणि पुढे घरात जे काही रामायण झालं त्याचं खापर मॉडरेटर पहिले दोन दिवस त्या आवाजावरच फोडत होते. ती बोलती असती तर हे झालंच नसतं, असं ते म्हणायचे. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं पुढे येईलच.

मॉडरेटर हे काही त्यांचं नाव नव्हे. परीक्षा मंडळात एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी तपासलेले पेपर पुन्हा तपासले, म्हणून इमारतीत सगळे त्यांना मॉडरेटर म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी लाल पेन खिशातून गेलं नव्हतं. जिन्यात पाण्याच्या टाकीची नोटीस लागली तरी ते आधी तिचं शुद्धलेखन दुरुस्त करत आणि मग पाणी कधी येणार ते बघत. ग्रेस मार्कांना त्यांचा आयुष्यभर विरोध होता. ज्याला येत नाही त्याला येतं म्हणणं हा समाजाचा घात आहे, असं ते सांगायचे, आणि ऐकणारा नापास झालेला असेल तर जरा जास्तच वेळ सांगायचे.

त्यांची बायको तीन वर्षं अंधांच्या श्राव्य ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत होती. मागच्या खोलीत दाराला गोधडी टांगायची, खिडकी लावून घ्यायची आणि वाचायचं. सध्याचं पुस्तक होतं मालमत्तेच्या हस्तांतरणाच्या कायद्याचं, साठ प्रकरणांचं. ते हवं होतं एका मोठ्या दवाखान्यातल्या टेलिफोन ऑपरेटरला. तिला जन्मापासून दिसत नाही. दिवसभर ती दवाखान्याचे फोन जोडते आणि संध्याकाळी कायदा शिकते. या एका विषयात ती दोनदा अडकली होती. नियमाप्रमाणे तिसरी खेप शेवटची, आणि ती पुढच्या आठवड्यात शुक्रवारी होती.

वाचन पुरं झालं होतं, पुस्तक परत गेलं होतं. राहिलं होतं एवढंच, की त्या जाडजूड आवाजाच्या फाइली बारीक करून ऑपरेटरच्या खिशातल्या छोट्या यंत्रात बसवायच्या. तेवढ्यात घसा गेला. घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, "दहा दिवस तोंडातून अक्षर काढायचं नाही. कुजबुजायचंही नाही, ते तर अजून वाईट." बायकोने मान डोलावली आणि पर्समधून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून पहिली चिठ्ठी नवऱ्याला लिहिली: "फाइली तुम्ही करा."

आता हे काम कसं चालायचं ते सांगायला हवं. बायको एकेक फाइल उघडायची, फाइल बारीक करणाऱ्या प्रोग्रामला द्यायची, बटण दाबायची, पुढची घ्यायची. साठ वेळा. मॉडरेटरांनी तिच्या खुर्चीत बसून हे दोनदा केलं आणि त्यांच्या स्वाभिमानाला ठेच लागली. साठ वेळा तेच बटण दाबायला माणूस कशाला हवा? त्यातून त्यांनी ज्येष्ठांच्या केंद्रात प्रोग्रामिंगच्या बारापैकी अकरा तासिका केल्या होत्या. बाराव्या तासिकेला शिकवणाऱ्या बाईंशी त्यांचा फळ्यावरच्या ऱ्हस्व-दीर्घावरून वाद झाला, म्हणून ते गेले नव्हते. अकरा तासिकांत जे कळलं ते असं: स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेली कामांची यादी. यादीतलं एखादं काम स्क्रिप्टला स्वतःला येत नसेल तर ती बाहेरच्या प्रोग्रामला हुकूम सोडते. तो बिचारा ते काम करतो आणि परत येताना एक आकडा तिच्या हातावर ठेवतो. त्या आकड्याचं काय करायचं, हे बाराव्या तासिकेत होतं.

मॉडरेटरांना त्या तासिकेची गरज वाटली नाही. आकडे म्हणजे त्यांचा प्रांत. त्यांनी स्क्रिप्ट लिहिली ती अशी: साठ फाइली ओळीने घ्यायच्या. प्रत्येकीसाठी बारीक करणाऱ्या प्रोग्रामला हुकूम सोडायचा. परत शून्य आलं तर फाइल नापास, लगेच फेरपरीक्षा. अशा तीन फेरपरीक्षा देऊनही शून्यच आलं तर नापासांच्या यादीत नाव लिहून पुढे जायचं. शून्याच्या वर काही मिळालं, भले एकच मार्क का असेना, की काम झालं, पास. आणि पास झालेल्या फाइलीची जाड मूळ प्रत खोडून टाकायची, कारण संगणकात जागा उरली नव्हती. खोडण्याचं काम बाहेर कुणाला सांगायचं नाही, स्क्रिप्टने स्वतःच करायचं. इतक्या जबाबदारीचं काम परक्याच्या हाती कसं द्यायचं?

ते स्क्रिप्ट चालू करणार तेवढ्यात बायकोने एक चिठ्ठी पुढे सरकवली. "हो हो," म्हणत त्यांनी ती न वाचताच सदऱ्याच्या खिशात घातली आणि बटण दाबलं. बायको गरम पाण्याच्या गुळण्या करायला निघून गेली.

दीड तासाने पडद्यावर निकाल आला. साठांपैकी नऊ पास, एक्कावन्न नापास. निकाल पंधरा टक्के.

इथे मॉडरेटरांबद्दल एक गोष्ट कबूल करायला हवी. असा निकाल बघून दुसरा कुणी हादरला असता. त्यांना किंचित समाधान वाटलं. हल्ली सगळीकडे निकाल फुगवतात, निदान संगणक तरी कडक आहे, असं काहीसं. मग पास झालेल्या नऊ जणांच्या बारीक प्रती ऐकून बघाव्यात म्हणून त्यांनी शोधल्या, तर त्या नव्हत्याच. नऊ पास, पण नऊ उत्तरपत्रिकाच नाहीत. उलट नापास झालेल्या एक्कावन्नांच्या बारीक प्रती व्यवस्थित तयार, खणखणीत वाजत होत्या. एकतीस वर्षांत त्यांनी कॉपी बघितली होती, तोतया विद्यार्थी बघितले होते, एका पेपरात भाजीची यादीसुद्धा बघितली होती. पण गैरहजर राहून पास होणारा त्यांनी बघितला नव्हता.

बातमी जिन्यातून खाली जायला दहा मिनिटं लागली. तळमजल्यावरचे घड्याळवाले डोळ्याला भिंग लावूनच वर आले. त्यांच्या मते संगणक काय, घड्याळ काय, शेवटी धूळच. उघडून फुंकर मारली की निम्मे आजार जातात. समोरच्या होमिओपॅथ बाईंनी मॉडरेटरांना झोप कशी लागते, थंड आवडतं की गरम, हे विचारून घेतलं आणि त्यांना सात गोळ्या दिल्या. तीन फाइलींमागे एक गोळी असा हिशोब लावायचा प्रयत्न मॉडरेटरांनी केला पण तो जमला नाही. दोघंही जाताना बायकोला म्हणाले, "तुम्ही काही बोलत कशा नाही?" तिने गळ्याकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी सदरा धुवायला टाकताना खिशातली चिठ्ठी निघाली. "आधी सगळ्याची दुसरीकडे एक प्रत ठेवा. मग काय हवं ते करा." अक्षर नेहमीसारखं गोल होतं. मॉडरेटरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

मग ते निमूट बसले आणि त्यांनी त्या बाराव्या तासिकेची छापील टिपणं काढली. ती केंद्राने सगळ्यांना वाटली होती. त्यांनी तेव्हा फक्त त्यातली चुकीची वेलांटी बघितली होती. तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं: बाहेरचा प्रोग्राम काम सुरळीत पार पाडून परत आला तर शून्य देतो. दुसरा कुठलाही आकडा आला तर तो झालेल्या चुकीचा क्रमांक समजावा.

मॉडरेटरांनी त्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारली. त्यांना राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण विचार करता ते पटत होतं. काम बरोबर व्हायची रीत एकच असते. बरोबर झालं की सांगण्यासारखं काही उरत नाही, म्हणून शून्य. बिघडायच्या रीती मात्र शंभर, त्यांना नंबर द्यावेच लागणार. आपण जन्मभर बरोबर उत्तराला आकडे दिले आणि चुकलेल्या मुलाला नुसता भोपळा दाखवला. कुठल्या नंबरची चूक आहे ते कधी सांगितलं नाही, असं त्यांच्या मनात आलं. हा विचार त्यांनी कुणाला सांगितला नाही. सांगण्यासारखी वेळही नव्हती.

नऊ फाइलींचा घोळ नंतर उलगडला. बायकोने बाकीच्या फाइलींना जोडून सुटसुटीत नावं दिली होती. पण जी प्रकरणं अवघड होती ती तिने पहिल्यांदा वाचली, तिला पसंत पडली नाहीत, म्हणून ती पुसून तिने पुन्हा वाचली, आणि नाव दिलं 'प्रकरण एकतीस पुन्हा'. तीन सुटे शब्द. हुकूम बाहेर गेला तेव्हा त्या प्रोग्रामला वाटलं तीन वेगळ्या फाइली मागितल्यात. त्याला एकही सापडली नाही, म्हणून त्याने एक नंबरची चूक म्हणून एक दिला. मॉडरेटरांनी तो एक मार्क धरला, आणि स्क्रिप्टने मूळ प्रत खोडली. स्क्रिप्टला स्वतःला मात्र नाव पूर्ण कळत होतं. एकूण काय, जी नऊ प्रकरणं झालीच नव्हती, नेमकी तीच मुळातून गेली होती.

त्याच आठवड्यात शुक्रवारी संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे पेटी नेली. तो सज्जन माणूस होता. त्याने दोन तास खटपट केली आणि म्हणाला, "खोडलेलं बऱ्याचदा परत आणता येतं, काका. पण खोडल्यावर त्या जागेत दुसरं काही लिहायचं नसतं. तुम्ही त्याच्यावर काही लिहिलंत का?"

"एक्कावन्न फाइली," मॉडरेटर म्हणाले. "प्रत्येकी चार वेळा."

"चार वेळा कशाला?"

"फेरपरीक्षा," मॉडरेटर हळूच म्हणाले. दुरुस्तीवाल्याने पेटीचं झाकण लावलं.

घरी बायको वाट बघत होती. त्यांनी सगळं सांगितलं. तिने चिठ्ठी पुढे ओढली, पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली, आणि कोरा कागदच त्यांच्याकडे सरकवला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. तिचं बोलणं त्यांनी पुष्कळदा ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं, पण त्या कोऱ्या कागदाने त्यांचा जीव कासावीस झाला. त्या नऊ प्रकरणांवर तिने दुप्पट मेहनत घेतली होती, कदाचित त्यातच तिचा घसा गेला होता, आणि यातलं काहीही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

ऑपरेटरला फोन करणं त्यांच्याकडेच आलं, दुसरं बोलणारं घरात कुणी नव्हतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. रोज शंभर लोकांच्या वाईट बातम्या जोडून देणाऱ्या माणसाची ती शांतता होती.

"कुठली नऊ, काका?"

त्यांनी क्रमांक वाचून दाखवले.

"अवघड तेवढीच की."

"हो."

"काकूंना बोलायचं नाहीये ना अजून?"

"पुढच्या गुरुवारपर्यंत नाही."

"शुक्रवारी माझा पेपर आहे." ती म्हणाली. "ही शेवटची खेप आहे, काका. यानंतर बसू देत नाहीत. ही प्रकरणं नसतील तर मी फोनच जोडत बसणार, एवढंच."

मॉडरेटर म्हणाले, "मी वाचतो." हे आपण म्हणालो हे त्यांना फोन ठेवल्यावर कळलं.

आता वाचायचं तर पुस्तक हवं, आणि पुस्तक श्राव्य ग्रंथालयात जमा झालेलं. शनिवारी सकाळी ते तिथे गेले. ग्रंथपाल बाईंनी एक अर्ज दिला. त्यात एक रकाना होता: आधीचे ध्वनिमुद्रण नष्ट होण्याचे कारण. पर्याय होते आग, पूर, उंदीर आणि इतर. बायको सोबत आली होती. तिने त्यांच्या हातातलं पेन घेतलं, 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं, "नवरा". ग्रंथपाल बाईंनी ते वाचून शिक्का मारला.

"पुस्तक देते," बाई म्हणाल्या, "पण वाचक नवीन असेल तर आवाजाची चाचणी द्यावी लागते. पन्नास मार्कांची. पंचवीसला पास."

मॉडरेटर पस्तीस वर्षांनी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले. समोर एक परिच्छेद, काचेपलीकडे कानाला यंत्र लावलेल्या ग्रंथपाल बाई. 'हस्तांतरिती' या शब्दावर ते तीनदा अडखळले, चौथ्यांदा तो शब्द गाळून पुढे गेले. वाचून झाल्यावर बाईंनी कागदावर बेरीज केली आणि पुन्हा केली.

"बावीस," त्या म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नका. घाई करता तुम्ही. वाक्य संपायच्या आत पुढच्यात शिरता."

"पेपर पुन्हा तपासून मिळेल का?" असं तोंडावर आलेलं मॉडरेटरांनी गिळलं. बायकोने एक चिठ्ठी काचेच्या फटीतून आत सरकवली. बाईंनी वाचली, बायकोकडे बघितलं, मग मॉडरेटरांकडे.

"तीन मार्क ग्रेस देते," बाई म्हणाल्या. "ह्या शेजारी बसणार असतील तरच."

मॉडरेटरांनी हात जोडून "आभारी आहे" म्हटलं. त्या क्षणी त्यांची सगळी भाषणं त्यांना आठवली असणार, पण ती मागे घ्यायला पुष्कळ मंडळी गोळा करावी लागली असती.

रविवारपासून मागच्या खोलीत वाचन सुरू झालं. गोधडी टांगली, पंखा बंद, खिडकी बंद, उकाड्याने जीव नकोसा. मॉडरेटर पुस्तकापुढे, बायको शेजारच्या स्टुलावर हातात पेन्सिल घेऊन. ते चुकले की ती टेबलावर एकदा टक करायची. मग थांबायचं, वाक्य पहिल्यापासून. पहिल्या पानाला चौतीस टक झाले. त्यांनी मोजले, सवयच ती.

दुपारपर्यंत त्यांचा संताप झाला होता. शब्द तर सगळे बरोबर उच्चारले होते, तरी टक. त्यांनी ध्वनिमुद्रण थांबवलं. "आता काय चुकलं?"

तिने लिहिलं, "तुम्हाला कळलं का, काय वाचलंत?"

त्यांनी वाक्याकडे बघितलं. नव्हतं कळलं. सात ओळींचं वाक्य होतं आणि त्यात कोण कुणाला काय देत होतं याचा पत्ता नव्हता. मॉडरेटरांनी ते मनाशी चार वेळा वाचलं, बोटांवर माणसं मांडली, घर देणारा, घेणारा आणि तिसरा मध्येच हक्क सांगणारा. मग यंत्र चालू करून ते म्हणाले, "हे मला नीट कळलं नव्हतं. आधी सोपं करून सांगतो, मग पुस्तकातलं वाचतो." बायकोने पेन्सिल उचलली होती, ती तशीच धरून ठेवली. वाक्य पुरं झालं, टक झाला नाही. मॉडरेटर पुढच्या वाक्याकडे वळले.

चार दिवस हे चाललं. खालून घड्याळवाले विचारायला आले की भिंतीत कोण खिळे मारतंय. होमिओपॅथ बाईंनी आता दोघांनाही गोळ्या दिल्या. बुधवारी दुपारी नववं प्रकरण संपलं. मॉडरेटरांनी नावातल्या मोकळ्या जागा काढून टाकल्या, प्रत्येक फाइलीच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या, मग प्रत्येक फाइल हाताने, बटण दाबून बारीक केली. स्क्रिप्टची दुरुस्ती त्यांना आता करता आली असती. पण त्यांना प्रत्येक फाइल शेवटपर्यंत ऐकायची होती. बायकोच्या एक्कावन्न फाइलींतलीही काही त्यांनी ऐकली. ती किती छान वाचते हे त्यांना तेव्हा कळलं, आणि इतक्या उशिरा कळलं म्हणून वाईटही वाटलं. संध्याकाळी दोघं जाऊन ऑपरेटरच्या हातात ते छोटं यंत्र देऊन आली.

शुक्रवारी चार वाजता फोन आला. डॉक्टरांची मुदत आदल्या दिवशीच संपली होती, पण बायको अजून बोलली नव्हती. सकाळपासून मॉडरेटर तिच्या मागे लागले होते. तिने नुसती मान हलवली होती, जणू पहिला शब्द कशावर खर्च करावा हे तिचं ठरत नव्हतं. मॉडरेटरांनी फोनचा आवाज मोठा केला, म्हणजे तिलाही ऐकू येईल.

"काका, झाला पेपर. सुटले मी," ऑपरेटर म्हणाली. "वीस मार्कांचा प्रश्न एकतिसाव्यावर होता. लेखनिक लिहून दमला, इतकं सांगितलं मी त्याला."

मॉडरेटरांनी खुर्चीची पाठ धरली. "माझं वाचन अगदीच..." ते एवढंच म्हणू शकले.

"काकू वाचतात तेव्हा इतकं सरळ जातं की मला कळलंच असं वाटतं. तुम्ही वाचताना कुठे अडतं ते कळलं. तिथेच मी दोन वेळा अडकले होते." मग तिला हसू आलं. "आणि ती टकटक. काकू शेजारी होत्या ना?"

"होती. सारखी."

"मला वाटलंच. तसे तुम्ही काकूंच्या रेकॉर्डिंगमध्ये आधीपासून आहात, काका. तीन वर्षं ऐकतेय. दाराच्या पलीकडून ओरडता तुम्ही, चष्मा कुठे ठेवलास, किल्ली कुठे ठेवलीस. काकू थांबतात आणि तुमचं ओरडणं संपलं की पुढे वाचतात. या नऊ प्रकरणांत पहिल्यांदाच तुम्ही जवळून ऐकू आलात."

फोन ठेवल्यावर मॉडरेटर उभेच होते. बायको समोर बसून टेबलावरच्या चिठ्ठ्या गोळा करत होती. एरवी त्यांनी काहीतरी विचारलं असतं आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्या खोलीत गेले असते. आज ते खुर्ची ओढून तिच्यापुढे बसले.

"मी एवढा ओरडतो का गं?"

तिने चिठ्ठ्यांचा गठ्ठा बाजूला ठेवला. ते थांबले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली,

"हो."

आवाज अगदी स्वच्छ आला होता.